जकात शून्य

एकेचाळीस इशारे.
सगळे पिवळे, सगळे एकाच सुरातले:
पॅरामीटर घेतलाय, वापरलेला नाही.

उद्यमनगरात रात्री साडेनऊनंतर
एखाद्याच लेथचा आवाज उरतो,
पलीकडच्या गल्लीत, कुणाची तरी सकाळची ऑर्डर.
मी पंखा एकवर ठेवून
मगदूमांचा कोड वाचत बसलेय.

मगदूम आता कागलला मुलीकडे असतात.
चौदा वर्षांपूर्वी त्यांनी हे लिहिलं,
शिरोलीच्या एका फौंड्रीच्या काट्यासाठी:
ट्रक चढला की काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची,
गाडी, माल, वजन, गिऱ्हाईक,
की खडखडत पावती.

पावतीचं फंक्शन मात्र सात गोष्टी मागतं.
चारांना काम आहे.
तिघी नुसत्याच येऊन बसतात,
मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडच्या,
मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडच्या.

पहिली, रंग.
पडद्याला रंग द्यायचा बेत असावा. दिला नाही.
अकरा ठिकाणांहून काढला, स्वल्पविरामासकट.

दुसरीचं नाव तात्पुरता२.
तात्पुरता१ कुठेच नाही.
मी खरंच शोधला.

तिसरी, जकात.

जकात उठली त्याला किती वर्षं झाली.
आडवा बांबू गेला, टेबल गेलं, पावतीपुस्तकं गेली,
रिक्षावाला अजून विचारतो, जकात नाक्याच्या अलीकडं का पलीकडं?
कोडातही तसंच.
ओळीचे तुकडे करणारा भाग जकात उचलतो,
तपासणीकडे देतो,
तपासणी हिशेबाकडे, हिशेब पावतीकडे,
आणि पावती ती न उघडता खाली ठेवते.

कंपायलर बोट दाखवतो ते फक्त शेवटच्याकडे.
मधल्यांना तो काही म्हणत नाही.
पुढे ढकलणं हाही त्याच्या लेखी वापरच.

शेवटचीकडून काढली
तर हिशेब पिवळा झाला.
हिशेबातून काढली, तपासणी पिवळी.
एकेक पायरी वर चढत
पिवळं दारापाशी आलं,
आणि तिथे मगदूमांची टिप्पणी:
राहू दे, परत लागू होईल.

मी तीही खोडली.

सव्वादहाला काट्यावर फोन लावला.
हेरवाडे काका, नवीन टाकलंय, एक गाडी करून बघता?
थोड्या वेळानं: मॅडम, नको म्हणतंय.
काय म्हणतंय?
अनोळखी पर्याय, असं कायतरी. गाडी हुबी हाय.

काका, शेवटी ते जे शून्य टाकू नका.
कुठलं जे शून्य?
जकातीचं.
तसलं मी कायबी टाकत न्हाई बघा.

फोन कानाशीच होता.
मला ऐकू आलं त्यांचं टाईप करणं,
गाडी, माल, वजन,
गिऱ्हाइकाचं नाव जरा थांबून,
मग एका दमात चार टकटक,
वजा, जे, मोकळी जागा, शून्य,
आणि एंटर.
परत नको म्हणतंय, ते म्हणाले.
मागे ट्रकवाल्याने हॉर्न धरून ठेवला होता.

सांगता आलं असतं.
बघा काका, तुमचीच बोटं.
पण बोटांना कोण सांगणार,
आणि रात्रपाळीला, हॉर्नच्या आवाजात?

मी दारापाशी तीन ओळी घातल्या.
जे आलं तर येऊ द्यायचं,
त्याच्या मागचं शून्य घ्यायचं,
कुणाकडे द्यायचं नाही.
आत सगळ्यांच्या हातात आता चारच गोष्टी.

आली का पावती?
आली की. आधीच यायला पायजे हुती.

इशारे अडतीस. ते दुसऱ्या फायलींतले, उद्या बघू.
लेथ कधी बंद झाली कळलंच नाही.
त्या तीन ओळींवर काय लिहावं सुचेना.
जकात म्हणावं तर ती नाहीच तिथे.
शेवटी लिहिलं,
हेरवाडे, रात्रपाळी.